एक फूट मुरूम

मित्रांनो, आठ वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयात एक पत्र आले होते. निळे आंतर्देशीय पत्र, सांगलीहून आलेले, आप्पासोंच्या नावाचे. आप्पासोंनी ते माझ्यासमोर उभे राहून दोनदा वाचले, पुन्हा पहिल्यासारखी घडी घातली आणि शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवून दिले. त्या पत्राला उत्तर गेले नाही. का गेले नाही, हे सांगायचे तर मला माझी हकिगत सांगावी लागेल. माझ्यासारख्याची हकिगत कुणी का ऐकावी, हा प्रश्न मलाही पडतो. पण जे घडले ते सगळे पाहणारा मी एकटाच होतो, आणि माझ्याकडे आता फार वेळ नाही.

मी एक जुना टीव्ही आहे. तुमच्या घरी भिंतीला चिकटलेले पातळ तावदान असेल, तसा मी नाही. माझे पोट मागे हातभर निघालेले आहे आणि मला उचलायला दोन माणसे लागतात. माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब पट्ट्यावरून मी पुढे सरकत होतो आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या मुली माझ्यात तारा जोडत होत्या. त्यांचे चेहरे मला आठवत नाहीत, कारण तेव्हा मला काच बसवलेली नव्हती. त्यांच्या बांगड्यांचा आवाज तेवढा आठवतो.

तिथून मी आलो तो थेट वडूजच्या पुढच्या एका गावात. फौजेतल्या एका सुभेदाराने आपल्या आईच्या नावे मला गावच्या वाचनालयाला दिले. या गावाची एक पद्धत आहे. कुणी काही दान दिले की त्यावर नाव घातलेच पाहिजे. देवळातला पंखा, पाण्याची टाकी, शाळेची घंटा, सगळ्यांवर कुणाचे ना कुणाचे नाव आहे. माझ्या कपाळावरही पांढऱ्या रंगाने लिहिले गेले, 'कै. हरणाबाई यांच्या स्मरणार्थ'. पेंटरला जागेचा अंदाज आला नाही आणि शेवटचा 'र्थ' खाली काचेवर आला. पुढे कितीतरी वर्षे बातम्या असोत की सामना, माझ्या उजव्या कोपऱ्यात तो 'र्थ' दिसत राहिला. लहान पोरांना वाटे, ती त्या वाहिनीचीच खूण आहे.

वाचनालय म्हणजे एक लांबट खोली. मला दाराच्या समोर, उंच फळीवर बसवले होते. दारातून मला शाळेचे मैदान दिसे आणि रस्त्यापलीकडे सुताराचे दुकान दिसे. खोलीत चार कपाटे, दोन बाकडी, एक फळा आणि आप्पासो. आप्पासो म्हणजे आमचे ग्रंथपाल. सडपातळ, अबोल माणूस. सगळी पुस्तके वाचलेली, पण कुणी काही विचारले तर उत्तराच्या शेवटी, "असं मला वाटतं, चूकही असेल," हे जोडल्याशिवाय वाक्य पुरे होत नसे. त्यांचा हा स्वभाव मला पहिल्यापासून आवडे. मीही तसाच आहे.

पहिली दोन वर्षे मी बातम्या आणि हवामान दाखवत होतो. मग एका थंडीतल्या सकाळी लालासाहेब आले. हे निवृत्त हवालदार, सहा फूट उंच, आवाज पटांगणावरचा. सहा वाजता पेपर वाचायला यायचे आणि पेपर आलेला नसला की माझी बटणे दाबत बसायचे. त्या दिवशी बटण दाबता दाबता ते एकदम थांबले.

"आयला! आवं आप्पासो, हिकडं या! ह्यो तर आमचा ख्योळ!"

"कुठला खेळ?"

"बास्केटबॉल वो! पलटणीत आमी धा वर्सं ह्येच क्येलं!"

मित्रांनो, त्या सकाळपासून माझे आयुष्य बदलले. अमेरिकेत संध्याकाळी सामने सुरू होतात तेव्हा आपल्याकडे उजाडत असते. भरतीसाठी पळायला निघालेली पोरे-पोरी धापा टाकत दारात थांबू लागली. गोठ्यातले आवरून बाप्ये येऊ लागले. तिथल्या खेळाडूंची नावे कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून गावाने आपली नावे ठेवली. सात फूट उंच, रिंगखाली उभा राहून कुणालाच येऊ न देणारा, तो बुरूज. चाळिशीला टेकलेला, तरी उडी मारली की रिंगच्या वर दिसणारा, तो म्हातारा. लालासाहेबांचा जीव त्याच्यावर. आणि कोवळ्या चेहऱ्याचा, अंगाने बेताचा, इतरांनी ज्या जागेवरून नुसते पाहावे त्या जागेवरून चेंडू सोडणारा, तो गोफण्या. चेंडू आत जायच्या आधीच तो पाठ फिरवून परत पळत सुटे. "बघा, बघा, त्येला बगायचीबी गरज न्हाई!" असे म्हणून अख्खे बाकडे उठे.

चेंडू त्याच्या हातातून सुटून रिंगवर पोचायला दीड सेकंद लागत असेल. तेवढा वेळ आमच्या वाचनालयात कुणी श्वास घेत नसे. मी दाखवत असलेला प्रकाश त्या सगळ्या तोंडांवर पडलेला मला दिसे. मी तर एक खोके. चेंडू माझा नव्हता, हात माझे नव्हते. तरी त्या दीड सेकंदात मला वाटे, मी कुणीतरी आहे.

आप्पासोंनी आयुष्यात चेंडू हातात धरलेला नव्हता. पण ते रोज कोपऱ्यात बसून सामना पाहत आणि सामना संपला की फळ्यावरचा सुविचार पुसून तिथे निकाल लिहीत. 'गोफण्या: चौतीस गुण. त्यातले नऊ शेवटच्या दोन मिनिटांत.' येणारेजाणारे तो सुविचारासारखाच मान हलवत वाचत.

लालासाहेबांनी मग शाळेच्या मैदानात खांब रोवला. टेप लावून, ओळंबा धरून, रिंग बरोबर दहा फुटांवर बसवली. खांब त्यांनी थोरल्या भावाच्या नावे दिला होता. नाव वर लिहिले तर चेंडू लागून रंग उडेल म्हणून ते खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर लिहिले, 'कै. कोंडीबा यांच्या स्मरणार्थ'.

पुढच्याच वर्षी गावात कुणी मोठे पाहुणे हेलिकॉप्टरने येणार होते. त्यासाठी मैदानावर मुरूम पसरला आणि दोन दिवस रोलर फिरला. पाहुणे ऐनवेळी मोटारीने आले. मुरूम तसाच राहिला. पोरांना तर बरेच झाले, मैदान सपाट मिळाले.

याच सुमारास क्रांती यायला लागली. बारा वर्षांची, गावातल्या शालूबाईंची धाकटी मुलगी. आप्पासोंकडे दूध घालायला यायची आणि किटली हातात धरून दारातच उभी राहायची. आत येऊन बस म्हटले तरी बसत नसे. ती माझ्याकडे जशी पाहायची, तसे मला आजवर कुणी पाहिलेले नाही. बाकीचे चेंडू पाहत, ती गोफण्याचे मनगट पाही. मग मैदानात जाऊन शंभर वेळा तेच करी. मी ते दारातून पाही.

एकदा काय झाले, सामन्याचे शेवटचे चार सेकंद उरले होते. गोफण्याचा संघ दोन गुणांनी मागे. चेंडू त्याच्या हातात आला, तो लांबच्या, तीन गुणांच्या रेषेबाहेर होता, त्याने हात वर केले, आणि वीज गेली.

"आत्ताच जायची हुती व्हय रं तुला?" लालासाहेब छतावरच्या दिव्यावर ओरडले.

"आप्पा, उद्याच्या पेपरात येईल न्हवं?" कुणीतरी विचारले.

"आपल्या पेपरात हा खेळ येत नाही. असं मला वाटतं."

तेवढ्यात दारातून क्रांती म्हणाली, "मग आपूनच टाकूया की!"

तिने किटली उंबऱ्यावर ठेवली आणि ती मैदानात गेली. मागोमाग सगळे. लालासाहेबांनी मोठ्याने आकडे म्हटले, "चार! तीन! दोन!" आणि तिने लांबून चेंडू सोडला. तो कशालाही न शिवता आत गेला. "जितला! गोफण्या जितला!" म्हणून जो ओरडा झाला तो ऐकून सुतार हातात रंधा घेऊन बाहेर आला.

दोन दिवसांनी तो सामना पुन्हा दाखवला गेला. तेव्हा समोर एकटे आप्पासो होते. खरे तर गोफण्याचा चेंडू बाहेर गेला होता. आप्पासोंनी ते फळ्यावर लिहिले नाही. पोरांचा आनंद कशाला घालवायचा, असे स्वतःशीच म्हणाले. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही.

क्रांती चौदा-पंधरा वर्षांची होईपर्यंत आसपासच्या पंधरा गावांत तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. तालुक्याचे सामने आमच्याच मैदानावर होत, कारण आसपास दुसरी रिंगच नव्हती. आप्पासोंनी तिच्यासाठी साताऱ्याहून नियमांचे पुस्तक मागवले. एका दुपारी ते माझ्याजवळ बसून ते वाचत होते. वाचता वाचता थांबले. 'रिंगची उंची जमिनीपासून दहा फूट.' त्यांनी दाराकडे पाहिले. बराच वेळ पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी लालासाहेब आल्यावर ते हळूच म्हणाले,

"लालासाहेब, एक विचारू का? खांबावरचं नाव दिसत नाही हल्ली."

"मुरमाखाली गेलं असंल."

"म्हणजे जमीन वर आली. मग रिंग तेवढी... असं मला वाटतं. चूकही असेल."

लालासाहेबांनी पेपर खाली ठेवला. "आवं आप्पासो, टेप लावून बशिवलीया म्या. धा म्हंजी धा. तुमी कवा चेंडू हातात तरी धरलाय का?"

बाकड्यावर हशा पिकला. आप्पासोही हसले. "नाही धरला," म्हणाले आणि कपाटाकडे वळले. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

आणि मी? मी रोज दहा फुटांची रिंग दाखवत होतो. पण माझ्या काचेवर ती बोटभर उंचीवर दिसे. माझ्यावरून कुणाला काय कळणार होते?

त्या वर्षी तालुक्याचे सामने पाहायला सांगलीचे एक प्रशिक्षक आले. क्रांतीने त्यांच्यासमोर बारापैकी अकरा चेंडू आत टाकले. ते म्हणाले, "वसतिगृहात पाठवा. तीन महिने बघतो. टिकली तर पुढं महाराष्ट्राच्या संघापर्यंत जाईल." गावाने तिला एसटीपर्यंत वाजत नेले. लालासाहेबांनी आपली पलटणीतली शिट्टी तिच्या गळ्यात घातली. ती सोळा वर्षांची होती.

दीड महिन्याने ते निळे पत्र आले. आप्पासो वाचताना त्यांचे ओठ हलत, म्हणून मला ते सगळे कळले.

'आप्पांना क्रांतीचा नमस्कार. इथे जेवण चांगले आहे. सगळेच मोठे आहे, छत पण लय उंच आहे. पण आप्पा, माझा चेंडू आत जाईना झालाय. दहातले आठ रिंगच्या अलीकडच्या कडेला लागून माघारी येतात. आपल्या मैदानात असे कधी झाले नाही. सर म्हणतात हातात जोर नाही. मी पहाटे उठून जोर मारते, तरी तेच. माझ्या हाताला काय झाले? तुम्ही एवढी पुस्तके वाचली, तुम्हालाच कळेल. दिवाळीआधी परीक्षा आहे, नाहीतर घरी पाठवणार. लगेच लिहा.'

उत्तर आप्पासोंना ठाऊक होते. चेंडू एक फूट कमी पडत होता, कारण ती एक फूट खालच्या रिंगवर शिकली होती. हे कळले असते तर तिने महिनाभरात हात बदलला असता. एवढे एक वाक्य पाठवायचे होते.

ते लिहायला बसले. 'चि. क्रांतीस अनेक आशीर्वाद' इथपर्यंत पेन भराभर चाले. पुढे 'माझा अंदाज चुकीचा असू शकेल' इथे येऊन थांबे. मग कागद फाटे. मी असे सहा कागद मोजले. खात्री करून घ्यायची तर सुताराचा टेप समोरच खिळ्याला लटकत होता. दारापासून चाळीस पावले. एका सकाळी आप्पासो निघाले, सुताराच्या दुकानात गेले, त्याला तब्येत विचारली आणि परत आले. मोजले आणि नऊ फूट भरले, तर लालासाहेबांना तोंडावर सांगावे लागेल. मोजले आणि दहा भरले, तर आपण पुन्हा हसे करून घेऊ. मोजलेच नाही, तर यातले काहीच होणार नव्हते. आप्पासोंनी मोजले नाही.

दिवाळीला आठ दिवस असताना क्रांती परत आली.

"हात हलका पडला गं तुजा," लालासाहेब वाचनालयाच्या पायरीवर तिला म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःखच होते. "शेरातलं खानं, दुसरं काय."

ती खाली मान घालून, "व्हय नाना," म्हणाली आणि शिट्टी त्यांना परत देऊन गेली. त्यानंतर तिला मैदानात मी पाहिले नाही. दूध घालायला तिचा भाऊ येऊ लागला. एकोणिसाव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती फलटणला गेली.

तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला ती माहेरी आली होती तेव्हा वाचनालयात डोकावली. कडेवर वर्षाची मुलगी. मी तेव्हा थकलो होतो, माझे रंग हिरवट झाले होते, तरी सामना लागलेला होता. समोर आप्पासो एकटेच.

"गोफण्या हाईच का अजून?" तिने विचारले.

"आहे. दाढी ठेवलीय आता."

ती उभ्याउभ्याच पाहू लागली. गोफण्याने लांबून चेंडू सोडला, आणि मित्रांनो, तिचा मोकळा हात आपोआप वर गेला. मनगट वाकले, बोटे सुटी झाली. चेंडू आत गेला. तिने आपल्या हाताकडे पाहिले आणि तो पदराखाली घेतला.

"माझ्या हातातच खोट हुती, आप्पा," ती हसून म्हणाली. "उगंच तुमा सगळ्यांना आशा लावली म्या."

आप्पासोंनी तोंड उघडले. आता सांगतील, असे मला वाटले. मला काही करता आले असते तर मी त्या क्षणी सामना बंद केला असता, निदान खोलीत शांतता झाली असती.

"चहा ठेवू का?" आप्पासो म्हणाले.

ती म्हणाली, नको, पोरगी रडंल. आणि गेली.

त्यानंतर माझे दिवस लवकर संपले. आधी ती वाहिनी दिसेनाशी झाली, मग माझ्या शेजारचा केबलचा डबा बिघडला, तो कुणी दुरुस्त केला नाही. माझ्यावर एक विणलेले कापड आले, मग त्या कापडावर मासिकांचे गठ्ठे आले. पोरे वाचनालयात अजून येतात, पण प्रत्येकाच्या तळहातावर स्वतःची काच असते. गोफण्या त्यांना अजून दिसतो. त्यातला एखादा मध्येच "अय्यो!" म्हणतो आणि शेजारचा वर बघतसुद्धा नाही. एकदम उठणारे बाकडे मात्र मी पुन्हा पाहिले नाही.

आज सकाळी भंगारवाला सयाजी टेम्पो घेऊन आला. वाचनालयाला नवा टीव्ही मिळाला आहे आणि शाळेला भिंत बांधायची म्हणून मैदानातला खांब काढायचा आहे. दोन्ही त्यालाच द्यायचे ठरले. मला दोरी बांधून ओसरीवर आणून ठेवले. त्यामुळे खांब काढताना मला अगदी जवळून दिसले. लालासाहेब काठी टेकत तिथे आले होते. सयाजीची दोन माणसे खांबाभोवती खणत होती. चार बोटे खाली गेल्यावर लोखंडावर पांढरी अक्षरे दिसली. लालासाहेब मातीत गुडघे टेकून बसले आणि त्यांनी तळहाताने मुरूम पुसला. कै. कोंडीबा यांच्या स्मरणार्थ.

"सयाजी," ते म्हणाले, "रिंगंपास्नं वरच्या मुरमापतुर मोज रं."

"मोजून काय करायचं, नाना? आमी वजनावर घेतो."

"मोज म्हनलं न्हवं!"

सयाजीने टेप लावला. "नऊ फूट."

"पुन्यांदा मोज."

"नऊच हाय, नाना. मुरमानं खाल्लं बघा एक फूट."

लालासाहेब उठले ते सरळ ओसरीवर आले. आप्पासो तिथेच होते, माझ्या शेजारी.

"आप्पासो, तुमी तवा म्हनला हुतासा."

आप्पासोंनी माझ्या दोरीची गाठ उगाच चाचपली.

"म्या तुमास्नी हसलो, ती माजी चूक. पर तुमी मोठ्यानं का न्हाई म्हनलासा?"

"मला खात्री नव्हती."

"टेप समूर हुता की वो!"

आप्पासो आत गेले. शब्दकोशाचा दुसरा खंड काढला आणि ते पत्र आणून लालासाहेबांच्या हातात दिले. लालासाहेबांनी ते एकेक अक्षर लावत वाचले. वाचून झाल्यावर काठी भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसले.

"ह्येला काय उत्तर धाडलं?"

"नाही धाडलं."

मैदानात सयाजीची माणसे खांब लोळवत होती. शेवटी लालासाहेब म्हणाले, "त्या पोरीचा हात आपुन दोगांनी मोडला, आप्पासो. आन पुन्ना तिलाच म्हनलं, हलका पडला."

मग ते उठून शालूबाईंकडे गेले आणि फलटणचा पत्ता एका कागदावर घेऊन आले. आल्यावर म्हणाले, "शालूबाय सांगत हुती, नात चेंडू मागती तर क्रांती देत न्हाई. म्हनती, आपल्या रक्तात न्हाई ते. कशाला पोरीला आशा लावायची."

"लालासाहेब, आता लिहून काय होणार आहे?"

"काय न्हाई हुनार. तरी लिवा."

आप्पासोंनी ओसरीवर बसून लिहिले. या वेळी कागद फाटला नाही. लिहून झाल्यावर त्यांनी ते लालासाहेबांना वाचून दाखवले.

'चि. क्रांती, तुझे पत्र आठ वर्षांपूर्वी मिळाले. तुझ्या हातात खोट नव्हती. आपल्या मैदानावरची रिंग नऊ फुटांवर होती. ती दहा फुटांवर असायला हवी. मुरूम टाकल्यामुळे एक फूट कमी झाली आणि ते कुणाच्या लक्षात आले नाही. माझ्या लक्षात आले होते. मी मोजले नाही आणि तुला कळवले नाही. आप्पासो.'

"मुरमाच्या आदी माजं नाव घाला," लालासाहेब म्हणाले. "आन हात हलका म्हनलो, ते मागं घेतलं म्हनून लिवा."

आप्पासोंनी तेही लिहिले.

मित्रांनो, माझ्यासारखे आत्मवृत्त सांगणारे शेवटी काहीतरी मागतात. जुन्या वस्तूंना टाकू नका, त्यांची धूळ पुसा, असे सांगतात. मी ते मागणार नाही. माझी काच आज संध्याकाळपर्यंत फुटेल आणि त्यात कुणाचा दोष नाही. मी एवढेच सांगेन, आणि तेही सांगायचा मला अधिकार आहे की नाही कोण जाणे. तुम्हाला एखादी गोष्ट ठाऊक असेल आणि दुसऱ्या कुणाचे तिच्यावाचून अडले असेल, तर आपला आवाज लहान आहे म्हणून थांबू नका. चुकलात तर लोक एक दिवस हसतील. न बोललात तर एखादे माणूस जन्मभर स्वतःच्या हाताकडे संशयाने पाहत राहील. दाखवायचे ते सगळे मी उभ्या आयुष्यात दाखवले, पण जे सांगायला हवे होते ते सांगायला मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.

मला टेम्पोत चढवले, तोंड मागच्या बाजूला करून. शेजारी खांब. टेम्पो सुरू झाला तेव्हा आप्पासो पत्र घेऊन पुढे आले.

"सयाजी, मला फाट्यापर्यंत नेशील का? तिथल्या पेटीत टाकायचंय."

"आवं आप्पा, गावातल्या पोस्टात द्या की. उद्या उघडंल."

"उद्यापर्यंत ठेवलं तर मी फाडीन."

सयाजी हसला. त्याला वाटले, म्हाताऱ्याने थट्टा केली. त्याने आप्पासोंना शेजारी बसवले.

फाट्यावर टेम्पो वळला आणि थांबला, तशी ती लाल पेटी मला समोर दिसली. आप्पासो उतरले. पेटीवर टपाल काढण्याची वेळ लिहिलेली पाटी होती. त्यांनी ती वाचली, मग पुन्हा वाचली. आजचे टपाल गेले होते. पत्र क्रांतीच्याच हातात पडेल का, ते त्यांना ठाऊक नव्हते. पत्र वाचून ती काय करणार, तेही नाही. चोवीस वर्षांची बाई कुठे परत पहिल्यापासून चेंडू टाकायला शिकणार आहे? त्यांनी हात पेटीच्या तोंडात घातला आणि तो तसाच राहिला.

"आप्पा, टाका की वो!" सयाजीने हॉर्न वाजवला. "अंधार पडायच्या आत मला वडूज गाठायचंय."

आप्पासोंचा हात रिकामा बाहेर आला.

टेम्पो निघाला. बराच वेळ ते मला पेटीजवळ उभे दिसत होते.